पडीक म्हणवला जाणारा उतार

2019 च्या पावसाळ्यात राज्यात 33 कोटी वृक्षलागवडीची मोहीम निघाली, तेव्हा मीही हौसेने रोपं लावली. बुलढाण्याच्या बोडक्या टेकड्या हिरव्या व्हाव्यात, असं मनापासून वाटायचं. आज माझं म्हणणं वेगळं आहे. राजूर घाटातल्या कुसळी-बोरीच्या उतारांवर कुणी एकही खड्डा खोदू नये. हे मत बदललं ते वायोलिन मँटिस या प्रार्थना कीटकामुळे.

प्रार्थना कीटक म्हटला की हिरवागार, पानाआड दबा धरलेला आठवतो. हा मात्र वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचा. बोटभर लांब, मान काडीसारखी, तिच्या टोकाशी पसरट ढाल, पायांवर सुकल्या पानांच्या तुकड्यांसारख्या झालरी. वारा सुटला की फांदीबरोबर तोही डुलतो. नराच्या मिशा पिसांसारख्या असतात, मादीचा गंध टिपायला. ढालीची खालची बाजू जांभळट-निळी. 1877 साली डॉ. अँडरसन यांनी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत हा कीटक दाखवला, तेव्हा त्यांना ती फुलासारखी भासली होती.

मला तो बोरीच्या वाळक्या फांदीला उलटा लटकलेला सापडला. कॅमेऱ्याचा फोकस पुन्हा पुन्हा काट्यांवरच जाई. हिरव्या पानावर ठेवला तर उठून दिसेल, असं सोबतचा मित्र म्हणाला, आणि तिथेच मी थबकलो. उठून दिसला, तर पक्षीही त्याला तितक्याच सहज टिपणार! या जिवाची सगळी घडण त्या सुकल्या झुडपाला धरून झालेली. आम्ही लावणार होतो त्या रोपांच्या रांगेत त्याला लपायला जागाच नाही.

मादी अंड्यांचा फेसाळ कोश काटक्यांना चिकटवते, तो वाळून टणक होतो. खड्ड्यांसाठी झुडपं साफ केली, गवत पेटवलं, की पुढची पिढी गेली. टिपेश्वरहून चालत आलेला वाघ 2019 मध्येच ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, आणि जिल्हाभर त्याची चर्चा झाली. अभयारण्याबाहेरच्या झुडपांची बाजू कोण घेणार? देशाच्या वेस्टलँड ॲटलसमध्ये झुडपी जमीनही पडीकच धरलेली आहे.

झाडं लावायला मी आजही जातो: रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, जिथली झाडं तुटली तिथे. लागवडीच्या जागांत असा उतार निघाला, की त्या मँटिसचा फोटो पुढे ठेवतो आणि आधी पावसाळ्यानंतर तिथे फिरून या म्हणतो.