शक्ती कोणाकडून घ्यावी

रोल-प्लेइंग गेममध्ये खेळ सुरू होण्याआधी एक पात्र घडवावे लागते. त्याचा चेहरा, कूळ आणि पूर्वायुष्य ठरते, मग त्याचा मार्ग ठरतो. खेळाच्या भाषेत त्याला क्लास म्हणतात. योद्ध्याचा क्लास निवडताना फारसा गोंधळ उडत नाही. मांत्रिकाचा निवडताना उडतो, कारण विझार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक, क्लेरिक, ड्रुइड आणि बार्ड हे सहाही जण मंत्र चालवतात आणि त्यांतले कितीतरी मंत्र सामाईक असतात. फायरबॉल हा अग्निगोल विझार्डच्या हातून सुटतो आणि सॉर्सररच्याही. ज्वाळा तीच, होरपळही तीच. फरक असतो तो तिच्या उगमात. कोणी ती अभ्यासाने कमावलेली असते, कोणाच्या ती रक्तातच असते, कोणी करार करून आणलेली असते, कोणाला ती प्रसादासारखी लाभलेली असते. म्हणून मांत्रिकाचा क्लास निवडताना खरे तर दोन गोष्टी ठरतात: शक्ती कोणाकडून घ्यायची आणि त्यासाठी कोणाचे देणे लागायचे.

भीमेच्या दोन्ही तीरांवर हा प्रश्न फार जुना आहे. नदीच्या उत्तरेला शिरूर तालुका, दक्षिणेला दौंड. शिरूर तालुक्यात पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगावचा महागणपती आहे. दौंड तालुक्यातल्या शिरापूरसमोर, पैलतीरावर, कर्जत तालुक्याच्या हद्दीत सिद्धटेकचा सिद्धिविनायक आहे. अष्टविनायकांपैकी या दोन्ही स्थानांच्या कथा हरत चाललेल्या लढाईच्या आहेत. रांजणगावी शिवाला त्रिपुरासुर आवरेना. सिद्धटेकला विष्णूला मधु आणि कैटभ आवरेनात. दोघांनी गणपतीची आराधना केली, तेव्हा कुठे यश आले. शक्ती देवांनाही मागून घ्यावी लागली, असे ही भूमी सांगते. घोड नदीकाठच्या इनामगावची साक्ष तर तीन हजार वर्षांपूर्वीची. डेक्कन कॉलेजने १९६८पासून तेथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती सापडली आणि एका घरात मातीच्या झाकणाच्या डबीत जपलेली स्त्रीमूर्ती, तिच्याबरोबर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल मिळाला. आपल्यापलीकडच्या बळाला घरात जागा देण्याची माणसाची ओढ तेव्हाही होती.

खेळांच्या जगात मांत्रिकांचे मार्ग एकदम फुटले नाहीत. १९७४मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ निघाला, तेव्हा त्यात मंत्र चालवणारे दोनच क्लास होते: मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. मंत्र आधी मनात साठवायचा आणि वापरला की तो मनातून पुसला जायचा, ही कल्पना जॅक व्हॅन्स या लेखकाच्या १९५०मधल्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून आली. ड्रुइड आणि बार्ड पुढच्या काही वर्षांतच आले. सॉर्सरर २०००मधल्या तिसऱ्या आवृत्तीत आला, वॉरलॉक २००४मध्ये. १९९८च्या ‘बाल्डर्स गेट’ने हे नियम संगणकावर घराघरात नेले, आणि बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने २०२३मध्ये काढलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये सहाही मार्ग एका पडद्यावर शेजारीशेजारी उभे राहिले. पुढचे विवेचन याच खेळाच्या नियमांना धरून आहे.

मांत्रिकाची ताकद स्लॉटमध्ये मोजली जाते. मोठा मंत्र टाकायचा तर त्या पातळीचा एक स्लॉट खर्च होतो. अनुभवाने चढत पात्र पाचव्या लेव्हलला पोहोचले की विझार्ड, सॉर्सरर, क्लेरिक, ड्रुइड आणि बार्ड यांच्यापाशी पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्या पातळीचे तीन आणि तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट असतात. रात्रीची मोठी विश्रांती झाली की ते पुन्हा भरतात. वॉरलॉकपाशी त्याच लेव्हलला अवघे दोन स्लॉट असतात, पण दोन्ही तिसऱ्या पातळीचे, आणि ते छोट्या विश्रांतीनेही भरतात. शिरूरमध्ये चासकमानच्या आणि दौंडमध्ये खडकवासल्याच्या कालव्यावर शेती करणाऱ्याला हा हिशेब लगेच उमगेल. कालव्याचे आवर्तन आले की पाणी मुबलक, पण पुढची पाळी येईपर्यंत ते पुरवावे लागते; विहिरीत पाणी थोडे, पण उपसा थांबवला की झरा ती पुन्हा भरू लागतो. पहिल्या पाच जणांना कालव्यावर भिजवण्याचा धीर लागतो. वॉरलॉकला विहिरीची लय सांभाळावी लागते.

विझार्डची शक्ती अभ्यासाची. तिचा आधार बुद्धी आणि तिचे धन म्हणजे मंत्रांची वही. पहिल्या लेव्हलला वहीत सहा मंत्र असतात, पुढे प्रत्येक लेव्हलला दोन वाढतात. याशिवाय वाटेत मिळालेल्या गुंडाळ्यांवरचे मंत्र सोन्याची नाणी मोजून वहीत उतरवून घेता येतात, आणि ही मुभा फक्त त्यालाच आहे. त्यामुळे खेळाच्या अखेरीस सर्वांत जास्त मंत्र जाणणारा तोच असतो. समोर पाण्यातला शत्रू असेल तर वीज, झुंडीने येणारा असेल तर अग्नी, बंद दरवाजा असेल तर कुलूप उघडणारा मंत्र, अशी तयारी तो लढाईआधी बदलू शकतो. पण देह नाजूक असतो, चिलखत अंगावर पेलत नाही, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज चुकला तर वहीतले धन वहीतच राहते. अभ्यासाने माणूस कोठवर जाऊ शकतो याचा आदर्श दौंड तालुक्यातल्या केडगावलाच आहे. आईकडून लहानपणी संस्कृत शिकलेल्या, पुराणे मुखोद्गत असलेल्या पंडिता रमाबाईंनी तेथे मुक्ती मिशन उभारले आणि उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात करून मूळ ग्रंथांवरून बायबल मराठीत आणले. १९२२मध्ये निधन होईपर्यंत त्या या कामात होत्या. शिकण्याला वयाची अट नसते, ही ज्याची श्रद्धा आहे त्याला विझार्डचा मार्ग मानवेल.

सॉर्सररची शक्ती जन्माची. पूर्वजांतल्या ड्रॅगनचे रक्त किंवा वादळाचा, अनियंत्रित जादूचा अंश घेऊन तो येतो, आणि त्याच्या मंत्रांना बुद्धीऐवजी व्यक्तिमत्त्वाचे तेज बळ देते. त्याला मंत्र थोडे येतात. पाचव्या लेव्हलला विझार्डच्या वहीत किमान चौदा मंत्र असतात, तेव्हा याच्यापाशी साधारण सहा. पण त्या सहांवर त्याची हुकमत असते. मंत्राला हवे तसे वळण देण्याच्या कसबाच्या, म्हणजे मेटामॅजिकच्या, बळावर तो एकच मंत्र दोघांवर टाकतो, लांबवर पोहोचवतो किंवा एरवी पूर्ण पाळी खाणारा मंत्र क्षणात उरकतो. मन एकाग्र ठेवूनच टिकणाऱ्या मंत्रांत तर तो विझार्डपेक्षा सरस ठरतो, कारण घाव बसल्यावर एकाग्रता टिकवण्याच्या फाशात त्याला जन्मजात बळ मिळते. तरीही जन्माने मिळालेले पुरत नाही. शके १७४१मध्ये, म्हणजे १८१९ साली, मालू कवीने रचलेला ‘नवनाथ भक्तिसार’ गावोगावच्या पारायणांत वाचला जातो. त्यातला मच्छिंद्रनाथ कविनारायणाचा अवतार, माशाच्या पोटी आलेला. तरी त्याला बदरिकाश्रमात बारा वर्षे तप करावे लागले. सॉर्सररलाही मोजकेच मंत्र निवडावे लागतात आणि त्यांच्याशी दीर्घकाळ एकनिष्ठ राहावे लागते. निवड विचारपूर्वक केली तरच रक्तातले देणे कामी येते.

वॉरलॉकची शक्ती कराराची. कोणा पाताळवासी सत्तेशी, परीलोकीच्या राजवंशाशी किंवा काळाआधीच्या अगम्य अस्तित्वाशी त्याने सौदा केलेला असतो. स्लॉट दोनच असले तरी एल्ड्रिच ब्लास्ट हा मंत्र त्याला कितीही वेळा टाकता येतो आणि लेव्हलबरोबर तो तीव्र होत जातो. एका मोठ्या विश्रांतीपासून दुसरीपर्यंत छोट्या विश्रांती दोन मिळतात. म्हणजे काटकसरीने खेळणारा वॉरलॉक पाचव्या लेव्हलला दिवसाकाठी तिसऱ्या पातळीचे सहा मंत्र टाकतो. हाताळायला तो सर्वांत सुटसुटीत, म्हणून नवख्याला सोपा. देणे मात्र त्याचेच सर्वांत जड. या खेळातला विल हा वॉरलॉक आपल्या कराराच्या कलमांनी जखडलेला आहे, आणि त्याची कथा त्या जखडण्याचीच आहे. रांजणगावच्या कथेतला त्रिपुरासुर याच वाटेचा प्रवासी. गणपतीला प्रसन्न करून त्याने सोने, रूपे आणि लोखंड यांची तीन पुरे मिळवली. वराला अट होती: शिवाच्या एकाच बाणाने ती भंगतील. वैभव हाती असेपर्यंत अटीकडे लक्ष जात नाही. वॉरलॉक निवडणाऱ्याने ती अट पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवली, तर हा मार्ग सहांमध्ये सर्वांत नाट्यमय ठरतो.

क्लेरिकची शक्ती भक्तीची. त्याला मंत्र शोधत हिंडावे लागत नाही. आपल्या पातळीच्या सर्व मंत्रांची यादी त्याला खुली असते; त्यांतले आज कोणते सिद्ध ठेवायचे एवढेच तो ठरवतो. विवेक हा त्याचा आधार. अंगावर चिलखत आणि हातात ढाल असल्याने तो आघाडीवर उभा राहू शकतो. जखमा भरणे, तिघा सोबत्यांच्या प्रत्येक वाराला आशीर्वादाचे बळ देणे, पाचव्या लेव्हलपासून स्वतःभोवती दिव्य रक्षकांचे वलय फिरवणे, या त्याच्या खुणा. पहिल्याच लेव्हलला त्याला आराध्य आणि त्या आराध्याचे क्षेत्र निवडावे लागते: जीवन, प्रकाश, युद्ध, वादळ अशांपैकी एक. रांजणगावच्या कथेची दुसरी बाजू येथे उपयोगी पडते. शिव स्वतः महादेव. तरी गणेशस्मरण राहिल्यामुळे त्याचे शस्त्र चालेना, आणि स्मरण होताच त्रिपुर एका बाणात कोसळले. त्रिपुरासुराने आणि शिवाने एकाच दैवताकडून बळ घेतले. एकाने ते आपल्या वैभवासाठी राबवले, दुसऱ्याने नम्रतेने स्वीकारले. वॉरलॉक आणि क्लेरिक यांच्यातले अंतर इतकेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

ड्रुइडची शक्ती निसर्गाची. वेली शत्रूचे पाय जखडतात, चांदण्याचा झोत जाळतो, आभाळातून वीज उतरते. दुसऱ्या लेव्हलपासून तो प्राण्याचे रूप घेतो. लांडगा लवकर होता येते, पँथर सहाव्या लेव्हलला. प्राण्याच्या रूपात असताना नवा मंत्र टाकता येत नाही, आधी टाकलेला एकाग्रतेचा मंत्र मात्र टिकतो. म्हणून आधी मंत्र, मग रूप, हा क्रम ज्याला साधला त्याला ड्रुइड साधला. शिरूर आणि दौंडच्या माणसाला ही रूपे परकी नाहीत. घोडकाठच्या उसात बिबट्या वावरतो, दौंडकडच्या गवताळ माळांवर लांडगा फिरतो, आणि मोराची चिंचोली येथे मोर माणसांच्या अंगणापर्यंत येतात. या भागात निसर्ग जवळ असतो आणि धाकही घालतो. त्याच्याशी सोयरीक जोडणारा ड्रुइड सहांमध्ये सर्वांत लवचिक असतो, आणि ज्याला एकाच भूमिकेत अडकायचे नाही त्याच्यासाठी तो आहे.

बार्डची शक्ती शब्द-सुरांची. त्याचे स्फुरण सोबत्याला एक जादा फासा देते, आणि हुकणारा वार लागतो. त्याच्या गाण्याने साऱ्या चमूला एक जादा छोटी विश्रांती मिळते. कुलूप उघडण्यापासून वाटाघाटीपर्यंत त्याला सगळेच थोडेथोडे येते, आणि जेथे तलवार उपसावी लागली असती तेथे त्याच्या बोलण्याने वाट मोकळी होते. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर यांनी आयुष्यभर लावण्या आणि वगनाट्ये लिहिली. तमाशाच्या फडांनी ती गावोगाव नेली, आणि २०१८मध्ये राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. लिहिणारा एका गावात बसतो आणि त्याचे शब्द दुसऱ्याच्या गळ्यातून शेकडो गावांना हसवतात, रडवतात, जागे करतात. बार्डचे सामर्थ्य याच जातीचे: ते दुसऱ्याच्या हातून प्रकट होते. श्रेय वाटून घेण्यात ज्याला आनंद आहे त्याने हा मार्ग घ्यावा.

निवडताना चमूही पाहावा लागतो. चौघांच्या तुकडीत एक जखमा भरणारा, एक आघाडी धरणारा, एक दुरून जाळणारा आणि एक बोलणारा असला की बहुतेक संकटे पार पडतात. क्लेरिक किंवा ड्रुइड पहिली जागा भरतो. विझार्ड, सॉर्सरर किंवा वॉरलॉक तिसरी. आणि बार्ड, सॉर्सरर किंवा वॉरलॉक आपल्या तेजाने चौथी. आघाडी योद्ध्याने किंवा ढाल घेतलेल्या क्लेरिकने धरावी. दोन सोबत्यांनी एकाच वेळी एकाग्रतेचे वेगवेगळे मंत्र धरून ठेवले, तर लढाई अर्धी जिंकल्यातच जमा असते.

निवड चुकली असे वाटले तरी फार बिघडत नाही. तळावर विदर्स नावाचे पात्र येऊन मिळते आणि शंभर नाण्यांत कोणाचाही क्लास बदलून देते. दोन क्लास एकत्र करण्याची मुभाही आहे, पण बाराव्या लेव्हलला शिडी संपते; दोन्हीकडे पाय ठेवणाऱ्याला दोन्हींच्या वरच्या पायऱ्या गमवाव्या लागतात. म्हणून कोणता क्लास सर्वांत बलवान, या प्रश्नात फार अडकू नये. नीट खेळला तर सहांपैकी प्रत्येक मार्ग शेवटापर्यंत नेतो. विझार्डला कष्ट द्यावे लागतात, सॉर्सररला निष्ठा, वॉरलॉकला स्वातंत्र्याचा काही भाग, क्लेरिकला नम्रता, ड्रुइडला आपले ठरलेले रूप आणि बार्डला श्रेय. यांपैकी जे देणे आनंदाने देता येईल, तो मार्ग निवडावा.