भिंतीकडे तोंड करून

भाऊबीज झाली की आमच्या लाखनीच्या आसपास मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात आणि त्यांत नाटकं होतात. धान कुठे बांधीत उभं, कुठे खळ्यावर आलेलं, आणि रात्री दहा-अकराला उघडलेला पडदा पहाटेशिवाय पडत नाही. झाडीपट्टीच्या या रंगभूमीवर मी बावीस वर्षं काम करतो. कंपन्या वडशाच्या, तालमीही तिकडेच, घर मात्र इथे. पहिल्यांदा वेड्याची भूमिका वाट्याला आली तेव्हा ती कशी करायची हे मला कोणी शिकवलं नाही. सिनेमा पाहिला होता, तेवढं पुरे वाटलं.

तो सिनेमा म्हणजे १९७० चा ‘खिलौना’. संजीवकुमारने केलेला विजयकमल. त्याच्याकडून मी फक्त वरवरचं उचललं: फिरवलेले डोळे, हसता हसता फुटणारं रडं, अंगावर धावून जाणं. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं तर सगळं मोठं करावं लागतं, हे आमच्या धंद्याचं पहिलं सूत्र. मी इतकं मोठं केलं की बायका किंचाळायच्या. मला ती दाद वाटायची.

एका मंडईत नाटक संपल्यावर रंगपटाच्या कनातीशी एक बाई उभी होती. चेहऱ्यावरचा रंगही मी पुसला नव्हता. ती म्हणाली, “माहा भाऊ असा नाही करत जी. तो निस्ता भिंतीकडं तोंड करून बसते.” एवढं बोलून ती पोराला कडेवर घेऊन निघाली. माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं आजवर कोणी बोललेलं नाही. मी तिच्या मागे गेलो, गाव विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात त्या दोघांबरोबर भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात गेलो.

सिनेमातला मनोविकारतज्ज्ञ मला ठाऊक होता. ‘खामोशी’तले कर्नलसाहेब आठवा. १९६९ चा सिनेमा. नर्सने प्रेमाचं नाटक करावं आणि रोगी बरा व्हावा, असा त्यांचा प्रयोग. वहिदा रेहमानची राधा त्या प्रयोगात स्वतःच मोडते, म्हणून तो सिनेमा मला आजही मोठा वाटतो. पण प्रेक्षकाच्या मनात राहिलं ते वेगळंच: प्रेम मिळालं की वेडा बरा होतो. ‘खिलौना’तही नाचगाण्यातली चांद घरात आणून मुलाला ताळ्यावर आणायचं, हाच उपाय. आमच्याकडे पोरगा डोक्याने बिघडला की आधी मांत्रिक आणि मग “दोनाचे चार करून टाका”. हा उपाय सिनेमाने शोधला नाही, पण गाणी घालून तो पक्का केला. त्याची किंमत कुण्या परक्या घरची पोर चुकवते. याचा मला राग येतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रयोग केला नाही. त्यांनी विचारलं, झोप लागते का? जेवण किती? मग बहिणीकडे वळून, गोळ्या तो स्वतः घेतो की तुम्ही देता? भाऊ खाली बघत होता. डॉक्टर गप्प राहिले. बाहेर रांग असतानाही गप्प राहिले. नटाला थांबा घेणं किती अवघड असतं हे मला माहीत आहे, म्हणून तो थांबा मला मोजता आला. शेवटी भाऊ बोलला, “आवाज येतेत.”

आमच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात विजेच्या झटक्याचा प्रसंग होता. लाल दिवे, ऑक्टोपॅडचा कडकडाट, खाटेवर तडफडणारा मी. रांग संपल्यावर मी डॉक्टरांना त्याबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं, आधी भूल देतात, मग स्नायू सैल पाडणारं इंजेक्शन. त्याआधी एका घोट्यावर रक्तदाब मोजायचा पट्टा आवळून ठेवतात, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही. सगळं अंग शांत आणि तेवढं एक पाऊल थरथरतं. त्यावरून आकडी आली हे कळतं. भूल आणि ते इंजेक्शन दिल्याशिवाय हा उपचार करायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदीच आहे. सिनेमातल्या त्या तडफडीमुळे कित्येक घरं आपल्या माणसाला दवाखान्यापासून लांब ठेवतात, हेही त्यांनीच सांगितलं. त्या घरांच्या भीतीत माझ्या खाटेचाही वाटा होता.

‘देवराई’ मी त्यानंतर पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २००४ चा. अतुल कुलकर्णींचा शेष स्किझोफ्रेनियाने आजारी आहे. त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची दमणूक, तिचं चिडणं आणि पुन्हा समजून घेणं, यावरही कॅमेरा तितकाच थांबतो. मला कनातीशी उभी असलेली ती बाई दिसत राहिली. याच जोडीचा ‘कासव’ नैराश्यावरचा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. त्यात मोहन आगाशे आहेत. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ, पण ‘कासव’मध्ये ते कासवांची अंडी जपणारे दत्ताभाऊ होतात, आणि ‘अस्तु’मध्ये तर स्मृती हरवलेले शास्त्रीबुवा. ज्याने आयुष्यभर रोगी पाहिले तो रोग्याच्या जागी बसतो तेव्हा काहीच वाढवून दाखवत नाही. ‘अस्तु’त हत्तीमागे चालत गेलेल्या त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर केवढा आनंद आहे.

यंदा मी झटक्याचा प्रसंग काढायला लावला. त्या जागी दोन मिनिटं मागच्या पडद्याकडे तोंड करून नुसतं बसायचं ठरवलं. दिग्दर्शक म्हणाला, झाडीत प्रेक्षकाला पाठ दाखवशील तर लोक उठून जातील. त्याचं खोटं नव्हतं. रात्रीचे दोन वाजलेले, थंडी, समोर हजारभर माणूस.

मी पाठ करून बसलो. ऑक्टोपॅड बंद. मांडवात मागून कोणीतरी ओरडलं, “बोल ना बे!” आणि पुढच्या बायकांतून आवाज आला, “चूप रे, बसू दे त्याले.”