मास्तरांचा अंगठा

श्रावणातला वरमहालक्ष्मीचा सण म्हणजे बेंगळूरच्या शिंप्यांची खरी दिवाळी. घरोघरी नव्या साड्या, आणि प्रत्येक साडीमागे एक ब्लाउज. २०२४ सालच्या अशाच सणाच्या आधी आमच्या जे. पी. नगरमधल्या मास्तरांचं दुकान सकाळी अकरा वाजता चक्क बंद! माझे दोन ब्लाउज आत, शेजारणीचे चार. बंद शटरसमोर आम्ही दोघींनी, तिनं कन्नडमध्ये आणि मी मराठीत, मास्तरांचा यथासांग उद्धार केला.

दुपारी मास्तर रस्त्यातच भेटले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदांची चळत. मी काही बोलायच्या आत त्यांनी उजव्या हाताचा अंगठा माझ्यापुढे धरला.

"बघा अक्का, यावर काही दिसतंय का?"

मला वाटलं, बोटात सुई गेली. "लागलं का हो?"

"लागलं नाही. अंगठाच नाही म्हणतात. मशीनला दिसत नाही!"

वीस वर्षं मी या माणसाला माझी मापं देत आले होते, पण त्यांच्याविषयी मला माहिती होती ती एवढीच, की ते पेठेतले, नामदेव शिंपी समाजातले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे, पण ती आपल्या पुण्या-मुंबईची नव्हे. वाक्य मराठीत सुरू होतं, वाटेत कन्नडची दोन स्टेशनं घेतं आणि पुन्हा मराठीत येऊन थांबतं. १६३८ साली बेंगळूर विजापूरकरांकडे आलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं, तेव्हापासून या गावाच्या कानावर मराठी आहेच. दर एकादशीला पेठेतल्या विठ्ठलमंदिरात भजनाला मास्तर जातात, त्या दिवशी मात्र दुकान बंद असल्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही.

तर त्या दिवशी मास्तर भजनाला नव्हे, सेवा केंद्रात गेले होते, आणि तेही तिसऱ्यांदा. कुणीतरी त्यांना 'पीएम विश्वकर्मा' योजनेचं सांगितलं होतं. १७ सप्टेंबर २०२३ला, विश्वकर्मा जयंतीला, केंद्र सरकारनं ही योजना सुरू केली. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, मूर्तिकार, बाहुल्या-खेळणी करणारे, हार गुंफणारे, जाळी विणणारे असे हातानं काम करणारे १८ व्यवसाय तिच्यात घेतले, आणि त्यांत शिंपीही आहे. खर्चाची तरतूद १३ हजार कोटींची. कारागिराला ओळखपत्र, पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, ते नीट फेडलं तर पुढे दोन लाख कर्ज. तारणाची गरज नाही.

मास्तरांना कर्जात रस नव्हता. त्यांना हवं होतं ओव्हरलॉक मशीन. त्यांची पायमशीन वडलांच्या वेळची, शिवण दृष्ट लागण्यासारखी, पण आतल्या कडा अजून ते हातानं धावदोरा घालून बंद करत. एका ब्लाउजला त्यात पाऊण तास जातो. समोरच्या बुटीकमधला मुलगा तेच काम चार मिनिटांत करतो आणि पैसे दुप्पट घेतो. तिथं गिऱ्हाईक काचेच्या दारातून आत जातं, इथं मास्तरांचं दुकान एका मशीनच्या रुंदीचं. इस्त्री करायची तर मास्तरांना आधी उठून बाहेर यावं लागतं.

"मुलगा नाही का येत बरोबर?" मी विचारलं. मुलगा मोबाईलच्या दुकानात कामाला. दिवसभर परक्या लोकांना फोन कसा वापरायचा ते शिकवतो आणि घरी आला की बापाला म्हणतो, पंधरा हजारांसाठी किती खेटे घालणार! त्याचंही खोटं नव्हतं. तीन खेपांत मास्तरांची तीन दिवसांची कमाई बुडाली होती, ती कुठल्या योजनेत भरून मिळणार?

मी म्हटलं, "उद्या मी येते."

हे म्हटलं आणि घरी आल्यावर माझीच मला भीती वाटली. कारण या बाबतीत मी काही फार पुढारलेली नाही. फोनवरून पैसे पाठवायला मी शिकले तीच मुळी करोनात, आणि पहिले दोन महिने दर वेळी पैसे गेले की नाही हे समोरच्याला फोन करून विचारत असे. आमचे हे म्हणाले, "तू त्यांना मदत करणार म्हणजे आंधळ्याला आंधळ्याची काठी." लेक कॉम्प्युटरसमोर कानाला हेडफोन लावून बसलेली. ती परदेशातल्या कुठल्या तरी बँकेचं काम घरबसल्या करते. तिनं मान वर न करता सांगितलं, "आई, सोपं असतं गं." सोपं असतं हे खरंच, पण ज्याला येतं त्याला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मला कन्नड वाचता येत नाही, मास्तरांना इंग्रजी. दोघांचं मिळून एक साक्षर माणूस तयार झालं. केंद्रातला मुलगा चांगला होता, हे आधी सांगते. रांग मोठी, पंखा बंद, तरी आवाज चढला नाही त्याचा. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात 'दर्जी' असा शब्द होता. मास्तर हसले. "आमच्या नामदेवांना कुणी दर्जी म्हटलं नव्हतं!"

मग पहिला अडथळा. आधारला जोडलेला फोन नंबर कुठला? तर सात वर्षांपूर्वी बसमध्ये हरवलेल्या फोनचा. मास्तरांच्या नावानं येणारे आकडे तेव्हापासून कुठे जात होते ते त्या विठ्ठलालाच ठाऊक. तो बदलायला वेगळ्या केंद्रात जावं लागलं, तिथं डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटली आणि काम झालं, पण त्यात आठवडा गेला.

पुन्हा सेवा केंद्र. आता अंगठा. मुलानं काच पुसली, मास्तरांनी अंगठा धोतराला पुसला. लाल दिवा. ओलं फडकं फिरवून पाहिलं. लाल दिवा. रांगेतल्या एका बाईनं स्वतःच्या पर्समधून खोबरेल तेलाची बाटली काढून दिली, ती धुणं धुणारी, तिचाही हाच अनुभव. लाल दिवा. मी त्या वेळी मास्तरांचा हात पहिल्यांदा जवळून पाहिला. अंगठा आणि पहिली दोन बोटं म्हणजे पॉलिश केलेला दगड. पंचेचाळीस वर्षं कापड, खडू, कात्री आणि तापलेली इस्त्री. मधल्या बोटावर अंगुस्तानाचा गोल वण. ज्या हाताच्या हुन्नरीसाठी सरकार मदत देऊ करत होतं, त्या हुन्नरीनंच हातावरच्या रेषा पुसून टाकल्या होत्या.

मुलगा म्हणाला, "अज्जा, दहाही बोटं बघू." एकेक बोट काचेवर ठेवत गेलो. उजवा हात संपला. डाव्याची चार झाली. शेवटी डाव्या हाताची करंगळी ठेवली आणि दिवा हिरवा झाला! रांगेतल्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर करंगळीकडे बघून म्हणाले, "सगळ्यांत आळशी बोट हेच. जन्मात कधी काम केलं नाही यानं."

परत येताना आम्ही रंगशंकरावरून आलो. दुसऱ्या फेजमधलं हे नाट्यगृह आमच्या जे. पी. नगरचं भूषण. शंकर नाग हे कन्नड सिनेमाचे मोठे नट, 'मालगुडी डेज' मालिकेचे दिग्दर्शक, पण रंगभूमीवर ते मुंबईत मराठी नाटकांतून घडले आणि '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा वाटा होता. नाटकासाठी परवडेल असं एक चांगलं थिएटर बेंगळुरात असावं हे त्यांचं स्वप्न. १९९० साली अपघातात ते गेले. पत्नी अरुंधती नाग, त्याही मुंबईच्या मराठी-गुजराती रंगभूमीवरच्या, त्यांनी मग हे काम अंगावर घेतलं. जागा सरकारकडून मिळाली, बांधकामाला सरकारी मदतीबरोबर उद्योगपतींनी आणि साध्या प्रेक्षकांनीही पैसे दिले, तरी २००४ साल उजाडलं पडदा वर जायला. तिथं प्रयोग ठरल्या मिनिटाला सुरू होतो, उशिरा आलेल्याला, मग तो कुणीही असो, आत घेत नाहीत. (आमचे हे एकदा रिक्षा न मिळाल्यामुळे बाहेर राहिले आणि साबुदाणा वडा खाऊन घरी आले.)

मास्तर गेटपाशी थांबले. "इथल्या एका नाटकाला मी बाराबंद्या शिवल्या होत्या, अक्का. अकरा. पोरं कॉलेजची, पैसे कमी होते. पण पहिल्या रांगेत बसवलं मला."

मला माहीतच नव्हतं! नाटक म्हटलं की आपण लेखक आठवतो, नट आठवतो. बाराबंदी कुणी शिवली हे कोण विचारतो?

मी मूळची सावंतवाडीची. तिथल्या चितारआळीतली लाकडी खेळणी आणि गंजिफा ऐकून असाल. संस्थान विलीन झालं, राजाश्रय गेला आणि गंजिफा रंगवणारा जेमतेम एखादा म्हातारा चितारी उरला. १९७०च्या सुमारास शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी त्याला राजवाड्यात बोलावलं, स्वतः त्याच्यापाशी बसून ती कला शिकून घेतली आणि दरबार हॉलमध्येच कारागिरांना कामाला बसवलं. लहानपणी मी ते पाहिलंय. संस्थान नसलेल्या राजाचा तो आश्रय होता. एवढ्या मोठ्या देशात सरकारला असं प्रत्येक म्हाताऱ्यापाशी बसता येणार नाही हे मला कळतं. याद्या लागणार, मशीनही लागणार, नाहीतर खोटे शिंपी खऱ्यांच्या आधी पोचतील. माझं गाऱ्हाणं एवढंच, की पहिल्या तीन खेपांना "दुसरं बोट ठेवून बघा" असं मास्तरांना कुणीही सांगितलं नव्हतं. नियमात दहा बोटं होती. सांगणारं तोंड नव्हतं. रांगेत पुढचा नंबर ओरडला की माणूस पिशवी उचलून घरी जातो आणि कागदावर तो 'आलाच नाही' असा राहतो.

पुढे तपासणीचे टप्पे झाले, वेळ लागला, पण प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. मास्तर रुसूनच गेले. या वयात मला माप घ्यायला शिकवणार! शिकवणारी मुलगी पंचविशीची. पहिल्या दिवशी हिनं कात्री चुकीची धरली असं सांगत आले. तिसऱ्या दिवशी मात्र कागदावर नमुना काढून तो जपून ठेवायची पद्धत मला उत्साहानं दाखवली. पाचव्या दिवशी म्हणाले, "अक्का, एक गोष्ट तिनं विचारली, त्याचं उत्तर मला आलं नाही. एका ब्लाउजला तुमचा किती वेळ जातो आणि त्या वेळाचे तुम्ही किती घेता?" पंचेचाळीस वर्षांत त्यांनी हा हिशेब केला नव्हता. मीही त्यांना कधी करू दिला नव्हता, दर वेळी वीस रुपये कमी करून घेत होते.

आता दुकानात पायमशीनशेजारी ओव्हरलॉक आहे. योजनेच्या पैशात ती पूर्ण बसली नाही, वरची रक्कम मुलानं घातली, आणि दर रविवारी तो स्वतः येऊन तिला तेल देतो. कर्ज मास्तरांनी घेतलं नाही ते नाहीच. शटरवर फोनवरून पैसे घ्यायचा चौकोनी शिक्का चिकटवला आहे. अशा प्रत्येक व्यवहारामागे सरकारकडून एक रुपया, महिन्याला जास्तीत जास्त शंभर व्यवहारांपर्यंत, असं योजनेत होतं, म्हणून मास्तर कोपऱ्यावरच्या फुलवालीलाही सांगत होते, तुझाही व्यवसाय आहे त्या यादीत, चल मी येतो बरोबर.

परवा ती दोघं गेली. दुकान पुन्हा सकाळी अकराला बंद होतं, आणि माझा ब्लाउज आत.