दादीची नदी

माइनक्राफ्टमधली नदी वाहतच नाही. समुद्रसपाटीला डबक्यासारखी पडून असते. आमच्या मुलाला तर अंथरुणाला खिळलेल्या दादीसाठी गावची नदी करायची होती.

मग आम्ही बापलेक बसलो. या खेळात सपाटीवर पाणी उगमापासून सातच ठोकळे जाते. पण एक पायरी खाली उतरले की पुन्हा सात चालते. म्हणजे उतारच हवा. (भूगोल शिकवतो आम्ही, तरी हे उशिरा सुचले!) धबधबा मात्र पडद्यासारखा सरळ पडे. कड्याची कडा वेडीवाकडी केली, मध्ये दगड घुसवले, खाली डोह खणला, काठाला खडी टाकली.

अम्मींनी बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, “पाणी बरोबर आहे रे. पण आमचा धुण्याचा दगड कुठाय?”