बांधावरचं भूत

वेल्ह्याच्या पावसाळ्यात भुताच्या गोष्टींना कधी तोटा नव्हता. भातलावणी आटोपली की संध्याकाळी पडवीत घोंगड्या पडायच्या, रॉकेलची चिमणी कोनाड्यात जायची, बाहेर कानंदी दुथडी भरून वाहायची आणि एखादं म्हातारं माणूस मुंजा, हडळ, चकवा यांचा विषय काढायचं. तोरणा गडावरच्या ब्रह्मपिशाच्चावर गाडी यायचीच. गडावरच्या मेंगाईच्या देवळात रात्री मुक्काम करू नये, हे आम्हा पोरांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक असायचं.

आजीची ठेवणीतली गोष्ट बांधाची. एकानं दर वर्षी नांगरताना शेजाऱ्याचा बांध कोरला. शेजारी मेला आणि अवसेच्या रात्री काठी घेऊन बांध मोजू लागला. बांध कोरणाऱ्यानं देवरुषी गाठला, उतारा टाकला, कोंबडं कापलं. भूत आपलं मोजतच राहिलं. शेवटी गडी कुदळ घेऊन रातोरात बांध मागे सारायला गेला आणि भीतीनं इतका मागे गेला, की स्वतःचीच चार हात जमीन मेलेल्याच्या पोरांना देऊन बसला. अख्खी पडवी पोट धरून हसायची. एखादाच गप्प बसायचा, आणि तो का गप्प आहे हे सगळ्यांना माहीत असायचं.

त्या गोष्टींचं बळ यातच होतं. भूत उगाच कुणाच्या मागे लागत नसे. बुडवलेलं देणं, मोडलेला शब्द, उपाशी ठेवलेली आई, असं काहीतरी त्याला लागायचं. जीव वाचवायचा तर घेतलेलं परत करावं लागायचं. भाटघर धरणात गेलेलं कांबरेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, तसं दडवलेलं पापही वर येतं, असं भोरकडच्या बायका म्हणायच्या.

मग व्हीसीआर आला. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (1993) आम्ही दाटीवाटीनं बसून पाहिला. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि रामदास पाध्येंचा बाहुला पाहून हसलो आणि रात्री बाहेर जायला घाबरलोही. पण बाहुला ज्याच्या मागे लागतो, त्या नायकाच्या, लक्ष्याच्या हातून तिथं काही पाप घडलेलं नव्हतं. भीती उरली, हसू उरलं, टोचणी तेवढी गेली.

आता शनिवारी रात्री तोरण्याच्या वाटेवर ट्रेकला आलेल्यांच्या हेडटॉर्चची रांग लागते. मोबाईलवर भुताच्या क्लिप फिरतात. कुणीतरी दाराआडून किंचाळतं, आपण दचकतो आणि पुढची क्लिप लावतो. त्यात आपल्याला कुणी काही विचारत नाही. म्हणूनच मला 'लपाछपी' (2017) आणि 'तुंबाड' (2018) मोलाचे वाटतात. विशाल फुरियांनी उसाच्या फडात मुलगी नको म्हणणाऱ्या घराचं पाप उभं केलं. राही अनिल बर्वे यांनी पावसात भिजलेल्या वाड्यात बापाची हाव लेकापर्यंत पोचवली. सप्टेंबर 2024 मध्ये 'तुंबाड' पुन्हा लागला, तेव्हा तरुण पोरांनी थिएटरं भरली. जुन्या गोष्टीची भूक अजून मेलेली नाही.

जुनं सगळंच चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. भुताच्या नावाखाली एखाद्या विधवेला चेटकीण ठरवून मारलंही जायचं. जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये आला, तो त्याआधीच यायला हवा होता. देवरुषी गेला तर जाऊ दे. गोष्ट मात्र राहायला हवी.

कारण आज भोर-वेल्ह्यात जमिनीला सोन्याचा भाव आहे. डोंगरउतारावर फार्महाऊसची कुंपणं चढताहेत, भावाभावांत मोजणीवरून दावे चाललेत, आणि बहिणीला साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. या खोऱ्यातल्या पोरांनी आपल्या म्हाताऱ्यांना बोलतं करावं, त्यांच्या गोष्टी लिहून काढाव्यात, त्यांवर सिनेमे करावेत. हसवावं आणि घाबरवावंही. सही घेण्याआधी ज्याचा हात थबकेल, त्याला लहानपणी कुणीतरी बांधावरच्या भुताची गोष्ट सांगितलेली असली पाहिजे.