भोपळ्याचा आतला रंग

आपल्या मराठीत गोष्ट नुसती सांगून भागत नाही, ती रंगवावी लागते. सांगणारा रंगात यावा लागतो, ऐकणारे रंगून जावे लागतात, आणि मधेच कोणी जांभई दिली की रंगाचा बेरंग होतो. हे सारे रंग अर्थात तोंडचे. त्यांना पातेले लागत नाही की शेगडी लागत नाही. आमच्या घरात मात्र गेली चार वर्षे गोष्टी खरोखरीच रंगवल्या जातात. त्यासाठी दोन मोठी पातेली, झाकणाचे एक पिंप, एक वजनकाटा आणि गॅलरीतल्या निम्म्या दोऱ्या अडकलेल्या असतात. उरलेल्या निम्म्या दोऱ्यांवर घरचे धुणे वाळते. ही वाटणी अन्यायाची आहे असे ह्यांचे मत आहे, आणि ते मत ह्यांनी वेळोवेळी बोलूनही दाखवले आहे.

तर माझा उद्योग असा. मी लोकर आणि सुती धागा घरी रंगवते. असे पुष्कळजणी करतात. पण मुलांच्या पुस्तकातली एखादी गोष्ट घ्यायची, तिला कोणता रंग शोभेल ते ठरवायचे, त्या रंगाची लड काढायची आणि तिची टोपी नाहीतर पिशवी विणायची, हे माझे वेड. परदेशात ते अगदीच नवे नाही. तिकडे हाताने लोकर रंगवणाऱ्या बायका आपल्या लडींना मुलांच्या पुस्तकांतल्या पात्रांची नावे ठेवतात. बीअट्रिक्स पॉटरबाईंच्या पीटर सशाचे निळे जाकीट तर त्यांचे फार लाडके. गंमत अशी की, १९०१ साली पॉटरबाईंनी ते पुस्तक पदरच्या पैशाने पहिल्यांदा छापले, तेव्हा त्याच्या आतली चित्रे नुसती काळी-पांढरी होती. सशाच्या जाकिटाला छापील निळा रंग चढला तो १९०२ साली, प्रकाशकाने रंगीत आवृत्ती काढली तेव्हा. हे कळल्यावर माझ्या मनात आले, सशाला निळे जाकीट मिळते, मग आमच्या चिऊताईनेच काय घोडे मारले आहे?

असे मनात यायला कारण होते घरातल्या दोन ट्रंका. ज्या प्राथमिक शाळेत मी ३१ वर्षे मराठी शिकवले, ती शाळा मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी बंद झाली. कोणी मुद्दाम बंद पाडली नाही. मुलेच येईनाशी झाली. बाके गेली, घंटा गेली, फळे गेले, आणि ग्रंथालयातली पुस्तके रद्दीत निघायची पाळी आली. तेव्हा मी रिक्षा करून गेले आणि दोन ट्रंका भरून पुस्तके घरी घेऊन आले. ताम्हनकरांचा गोट्या त्यात होता, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, साने गुरुजी होते, 'चांदोबा'चे सुटे अंक होते, बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या 'किशोर'चे गठ्ठे होते. आणि मुखपृष्ठे गळून पडल्यामुळे अनाथ झालेली, लेखकाचे नावही न उरलेली पन्नासेक चोपडी होती. मुले सर्वांत जास्त वाचतात त्याच पुस्तकाचे मुखपृष्ठ आधी गळते, हे एव्हाना मला अनुभवाने ठाऊक झाले आहे.

ट्रंका दारात उतरल्या तेव्हा हे एवढेच म्हणाले, "आणल्यास ते ठीक. पण आता हे वाचणार कोण?"

बँकेत नोकरी केलेल्या माणसाचे प्रश्न असे नेमके असतात. आमच्या इमारतीत सात मुले आहेत. सातही इंग्रजी शाळेत जातात. घरी मराठी बोलतात, भांडतात तर उत्तम मराठीत. पण वाचायला दिले की तांदळातले खडे निवडावेत तसे एकेक अक्षर निवडत बसतात. त्यांना मी पुस्तक देऊ केले की मुले भारी सभ्यपणे "नको आजी, होमवर्क आहे" म्हणत. नकार इतका नम्र असला की त्याच्याशी भांडताही येत नाही. ट्रंका पलंगाखाली गेल्या आणि वर्षभर तिथेच राहिल्या.

मुले आली ती पुस्तकांसाठी नव्हे, पातेल्यांसाठी. गॅलरीत काहीतरी उकळते आहे, त्याला वास येतो आहे आणि आजी ते खाऊ देत नाही, एवढे आकर्षण मुलांना पुरते. (रंगाची पातेली स्वयंपाकाला कधीही वापरायची नाहीत हा माझ्या घरातला पहिला नियम.) त्या दिवशी मी चिऊ-काऊच्या घरांचे रंग काढत होते. चिऊचे मेणाचे, काऊचे शेणाचे, हे तर सगळ्यांना पाठ. मी हिरड्याची पूड भिजवून त्याचे पाणी उकळले होते. त्यात पांढऱ्या लोकरीच्या दोन लडी घातल्या, तर दोन्ही फिक्या पिवळसर झाल्या, अगदी मेणासारख्या. मग एक लड बाहेर काढून ठेवली आणि त्याच पाण्यात चिमूटभर हिराकस टाकला. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. हिरड्यातल्या तुरट द्रव्याशी त्याची गाठ पडली की रंग काळवंडतो. जुन्या काळी शाईसुद्धा अशीच करीत. मुलांच्या डोळ्यांदेखत दुसरी लड करडी झाली, मग वाळल्या शेणासारखी हिरवट काळपट झाली.

"म्हणजे दोघांची घरे एकाच भांड्यातली?" तळमजल्यावरच्या चौथीतल्या मुलाने विचारले. त्याच्या बोलण्यात थोडा संताप होता. इतकी वर्षे काऊला नावे ठेवली, आणि फरक काय तो चिमूटभराचा! खुद्द काऊला मात्र रंगवावेच लागले नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मुळातच बरीचशी काळी असते. तिचीच घोंगडी होतात. ती अंगाला बोचते खरी, पण कावळा विणायला तिच्यासारखी दुसरी लोकर नाही.

पुढच्या रविवारी भोपळ्यातल्या म्हातारीची पाळी आली, आणि इथे खरा वाद पेटला. भोपळा कोणत्या रंगाचा? चौथीतल्या मुलाने चटकन नारिंगी सांगितले, कारण इंग्रजी पुस्तकातले सगळे भोपळे नारिंगी असतात. दुसरा म्हणाला, मंडईतला भोपळा तर बाहेरून हिरवट असतो, ठिपक्यांचा. कोणी आपल्या घरच्या विळीखालच्या फोडीची साक्ष काढली. मी म्हटले, पुस्तकात बघा. ट्रंक बाहेर ओढली. चित्र काळ्या शाईचे; भोपळा आपला गोल, बिनरंगाचा. मग मजकुरात बघा. मुले एकमेकांच्या डोक्यांवरून वाकून अक्षर-अक्षर लावू लागली. कोल्हा आला, वाघ आला, लेकीचे घर आले, पण रंग काही येईना. अखेर समोरच्या घरातली सहावीतली मुलगी, जी सहसा बोलत नाही, ती म्हणाली, "आजी, म्हातारी आत बसली होती ना? मग तिला आतलाच रंग दिसला असेल."

मी ३१ वर्षे ही गोष्ट वर्गात सांगितली. वाघ दाखवला, भोपळा गडगडवून दाखवला. पण भोपळ्याच्या आत जाऊन कोणी बसले नव्हते.

आतला रंग म्हणजे गडद केशरी पिवळा. तो आम्ही कांद्याच्या सालींतून काढला. साली भाजीवालीने फुकट दिल्या, वर "काय, औषध का?" असेही विचारले. शंभर ग्रॅम लोकरीला शंभर ग्रॅम साली आणि बारा ग्रॅम तुरटी, असे आमचे माप. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवायची. तुरटी रंग देत नाही, पण रंगाला धरून ठेवते. ह्यांनी सुचवले होते की हळद स्वस्त, घरात आहे, तीच वापर. परंतु हळद लोकरीला जितक्या लवकर लागते तितक्याच लवकर उन्हात उडून जाते. नुसता रंग ओतून उपयोग नसतो, धागा आधी तयार करावा लागतो, हे शिक्षकी पेशातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आणि घाईही चालत नाही. गरम लोकर एकदम गार पाण्यात टाकली की ती आटते आणि तिचा नमदा होतो. तिला पातेल्यातच सावकाश निवू द्यावे लागते. मुलांनी ती रात्र कशी काढली कोण जाणे. सकाळी शाळेची बस यायच्या आधी चारजण दाराशी हजर होते.

एकदा मुलांनी मला उलट गोष्ट दिली. ओझच्या जादूगाराची. मी ती इंग्रजीतून वाचलेली नव्हती. मुलांनी सिनेमा पाहिला होता, म्हणून लाल बूट रंगवायचा आग्रह होता. मी माझा नेहमीचा नियम लावला, की पुस्तकात बघा. १९०० सालचे बॉमसाहेबांचे पुस्तक उघडले, तर त्यात डोरोथीचे बूट रुपेरी! लाल केले ते १९३९ सालच्या रंगीत सिनेमाने. तेव्हापासून मुलांचा सिनेमावरचा विश्वास थोडा उडाला आहे आणि छापील अक्षरावरचा वाढला आहे. ती मला इंग्रजी वाचून दाखवतात, मी त्यांना मराठी. देवघेव बरोबरीची चालते.

त्या पुस्तकातले पाचूचे शहर आम्ही रंगवले. तिथे प्रत्येकाला हिरवा चष्मा लावावा लागतो, म्हणून सारे शहर हिरवे दिसते. रंगाऱ्याच्या घरीही हिरव्याची अशीच गंमत आहे. जिकडे पाहावे तिकडे झाडे हिरवी, पण पानांचा हिरवा धाग्यावर टिकत नाही. हिरवा करायचा तर आधी निळा करायचा आणि त्यावर डाळिंबाच्या सालीचा पिवळा चढवायचा. निळ्याला नीळ हवी, आणि निळीच्या पिंपात गूळ, चुना आणि टाकळ्याच्या बिया. चुना लोकरीला खातो, म्हणून इथे सुती धागाच घ्यायचा आणि मुलांना दोन हात लांब उभे करायचे. पिंपातून धागा निघतो तो पिवळा-हिरवा. मग वारा लागतो आणि तो बघता बघता निळा होतो. मंत्र नाही, छडी नाही. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा सातही मुले गप्प होती. आमच्या इमारतीत अशी शांतता फारशी नांदत नाही.

तुम्ही म्हणाल, बाईंनी छान मार्ग काढला, मराठी वाचली. वाचकहो, इतके सोपे असते तर आणखी काय हवे होते? सातांपैकी तीन मुले अजून फक्त रंग बघायला येतात आणि पुस्तक काढले की त्यांना होमवर्क आठवते. सहावीतली मुलगी सातवीत गेल्यापासून शिकवणीमुळे रविवारी येत नाही. बंद झालेली शाळा काही माझ्या पातेल्यांमुळे उघडणार नाही, हे मला पक्के माहीत आहे. पण तळमजल्यावरच्या त्या मुलाची एक हकीकत सांगते.

त्याने मुखपृष्ठ गेलेले एक चोपडे उचलले. कोळ्याच्या पोराची गोष्ट आहे. त्याला त्यातल्या होडीच्या शिडाचा रंग हवा होता. मी म्हटले, शोध. तो पुस्तक घरी घेऊन गेला. साठ पाने वाचायला त्याला तीन आठवडे लागले. बोट ठेवून वाचत होता, असे त्याच्या आईने मला जिन्यात सांगितले. कधी बाबांना शब्द विचारायचा, आणि एकदा बाबांनाही तो अडला. चौथ्या रविवारी तो तणतणत आला. "आजी, शेवटपर्यंत वाचले. रंग दिलेलाच नाही!"

"मग आता काय करायचे?" मी विचारले.

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "लाल. कारण त्याची आई रोज किनाऱ्यावर उभी राहते. तिला लांबून दिसायला पाहिजे."

मी मंजिष्ठ काढली. तुरटीत मुरवलेली एक लड शिल्लक होती. विटकरी लाल रंग आला, आणि त्याची टोपी आता तो उन्हाळ्यातही घालतो.

आमच्या ह्यांनी ट्रंकांवर एक वही ठेवली आहे. कोणते पुस्तक, कोणाला, कोणत्या तारखेला दिले, परत कधी आले, असे चार रकाने आखले आहेत. बँकेतली सवय. वहीत आजवर एकोणीस नोंदी झाल्या. त्यांतली चार पुस्तके अजून परत आलेली नाहीत आणि ह्यांना त्याची फार काळजी लागून राहिली आहे. जिन्यात मुले भेटली की हे आठवण करून देतात. मी मात्र ह्यांना हळूच खुणावते, राहू द्या. पंधरा पुस्तके वाचून परत आली ह्याचे मला समाधान आहे; पण मला खरी आशा आहे ती त्या न आलेल्या चारांची.