वाऱ्याच्या तोंडाला

आमच्या गव्हाणला भातकापणीनंतर धसकटात लावे उतरत. लाव्याचा जीव तो केवढा, पण ताटात त्याला मान मोठा! आजोबा आधी मूठभर माती उधळून वारा बघत. खाडीवरचा वारा असला की कुत्र्याला डोंगराकडून खाडीकडे नेत. वारा पाठीवर घेतला तर पाखराचा वास कुत्र्याच्या पुढेच निघून जातो. सोसाट्याच्या वाऱ्यात मात्र वास विस्कटतो. तेव्हा बांधाचा आडोसाच धुंडाळावा, पाखरूही तिथेच दबून बसते.

१९७२च्या कायद्याने शिकारीला लगाम बसला, १९९१च्या दुरुस्तीने ती बंदच झाली. झाले ते योग्यच. शेतेही बरीचशी सिडकोत गेली. उरलेल्या बांधावर आमचा मोत्या अजून थबकतो, नाक वर करतो. मी साखळी घट्ट धरतो. लावा भुर्रकन उडतो.